औषधाला दाद न देणारा विषाणू आणि त्याने मोजलेली किंमत

तापीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात चोपडा तालुक्यातील आमच्या गावी गेले असता ओट्यावर बसलेल्या शेजारच्या आप्पांनी विचारले, "बेटा, पुनामा इतला वरीस तू करस तरी काय?" विषाणूंवरील औषधांचा अभ्यास करते, असे मी सांगितले. "मग एखादे औषध शोधले का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते. इतरांनी शोधलेली औषधे विषाणू कशी निष्प्रभ करतो आणि तसे करताना त्याला स्वतःला काय गमवावे लागते, हे मोजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ओट्यावर हे धड सांगता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

जिवाणूंवर इतकी प्रतिजैविके असताना विषाणूंवर औषधे इतकी कमी का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जिवाणूला स्वतःची भिंत असते आणि स्वतःची यंत्रणाही असते, त्यामुळे आपल्या पेशीला धक्का न लावता त्याच्यावर नेम धरता येतो. विषाणू मात्र आपल्याच पेशीच्या चुलीवर स्वतःचा स्वयंपाक उरकतो. चूल विझवावी तर घरचेच उपाशी राहतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले आयडॉक्सयुरिडीन हे विषाणूंवरचे पहिले औषध डोळ्यातील हर्पिसपुरतेच उपयोगी ठरले, कारण ते पोटात देण्याजोगे निरुपद्रवी नव्हते.

ही अडचण ज्या औषधाने खऱ्या अर्थाने सोडवली, ते म्हणजे १९७०च्या दशकात बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले ॲसायक्लोव्हिर. त्या कामाशी जोडलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल मिळाले. एलियन यांनी पीएचडी पूर्ण केलेली नव्हती, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी मुद्दाम सांगत नाही. ॲसायक्लोव्हिरची खुबी अशी की, गोळीत असते त्या रूपात ते निष्क्रिय असते. हर्पिसच्या विषाणूचे थायमिडीन कायनेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याला पहिला फॉस्फेट जोडते, पुढचे दोन आपली पेशी जोडते, आणि मग ते विषाणूच्या नव्या डीएनएच्या साखळीत शिरून ती साखळी तेथेच थांबवते. ज्या पेशीत विषाणूच नाही, तेथे पहिला फॉस्फेट जोडणारे कोणी नसते आणि औषध जवळजवळ निरुपद्रवी राहते. थोडक्यात, कुलपाची किल्ली विषाणू स्वतःच वळवतो.

माझ्या पीएचडीचा विषय येथूनच सुरू झाला. किल्ली वळवायचेच विषाणूने सोडून दिले, तर काय होईल? काचेच्या बाटलीत माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींचा थर वाढवायचा, त्यात हर्पिस आणि किंचित ॲसायक्लोव्हिर टाकायचे, जो विषाणू तगेल तो उचलून थोड्या अधिक औषधात टाकायचा, आणि असे आठवड्यामागून आठवडे करत राहायचे, अशी पद्धत होती. विषाणू किती उरला हे पाहण्यासाठी सहा खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत पेशींवर घट्ट द्रावणाचा थर देऊन काही दिवस थांबतात आणि मग जांभळा रंग ओततात. जिवंत पेशी रंग धरतात. विषाणूने मारलेल्या जागी स्वच्छ भोके दिसतात. कसर लागलेल्या जांभळ्या लुगड्यासारखी ती तबकडी दिसते. उजेडाकडे धरून, खालून पेनने एकेका भोकावर टिंब देत ती मोजायची. औषध वाढवल्यावर भोके ज्या प्रमाणात निम्मी होतात, तो आकडा म्हणजे आमची मोजपट्टी.

अठरा फेऱ्या झाल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत उणे ८० अंशांचे शीतकपाट बंद पडले, धोक्याची घंटा रिकाम्या मजल्यावर वाजत राहिली, आणि मी परत आले तेव्हा आत पाणी होते. कोणत्या संस्थेत हे घडले हे लिहिण्यात अर्थ नाही, कारण असे सगळीकडे घडते. मूळ विषाणूची एक कुपी द्रव नायट्रोजनमध्ये शाबूत होती, म्हणून मार्गदर्शकांनी पहिल्या फेरीपासून पुन्हा सुरुवात करायला सांगितले. त्या रात्री वसतिगृहावर मी जेवले नाही.

दुसऱ्या वेळी मी तीन वेगवेगळ्या बाटल्या समांतर चालवल्या. पन्नासपट औषधातही वाढणारा विषाणू हाती आल्यावर तिन्हींचे थायमिडीन कायनेजचे जनुक वाचले, तेव्हा दोन बाटल्यांतील बदल एकाच जागी निघाला. त्या जनुकात 'जी' हे अक्षर सलग सात वेळा येते. एका बाटलीत ते आठ वेळा झाले होते, दुसरीत सहा वेळा. लेखनिकाने 'ममममममम' उतरवताना एखादा म जास्त किंवा कमी लिहावा, तशी ही चूक आहे, आणि त्यानंतरची सगळी अक्षरे एका घराने सरकल्यामुळे विकर बनतच नाही. जगभरच्या रुग्णांत सापडलेल्या ॲसायक्लोव्हिरला दाद न देणाऱ्या हर्पिसमध्येही ही सात जींची जागा वारंवार दिसते, हे मी वाचलेले होते. पण आपल्या हातच्या बाटलीत ते पाहणे वेगळे. माझ्या प्रयोगाचे नुकसान झाले नसते, तर एकाच बाटलीवरून मी प्रबंध लिहिला असता आणि त्याच वाटेने विषाणू पुन्हा पुन्हा जातो हे मला कधी कळले नसते.

यात विषाणूची हुशारी काहीही नाही. तो औषध पाहून बदलत नाही. प्रती काढताना चुका होतच असतात, औषध फक्त त्यातल्या एका चुकीखेरीज बाकी सगळे झोडपून काढते. ती चूकही फुकट पडत नाही. थायमिडीन कायनेज नसलेला हर्पिस उंदराच्या चेतागाठीत (मज्जापेशींच्या गाठीत) जाऊन बसतो खरा, पण तेथून पुन्हा जागा होणे त्याला फारसे जमत नाही. निरोगी माणसात असा विषाणू क्वचितच त्रास देतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांत मात्र तो खरी डोकेदुखी ठरतो. तेव्हा 'औषध चुकवणारा विषाणू हा लंगडा विषाणू असतो' असे एक वाक्य मी प्रबंधात मोठ्या विश्वासाने लिहिले.

ते वाक्य दोनच वर्षांत माझ्या तोंडावर आपटले. २००७-०८च्या हिवाळ्यात नॉर्वेतून बातमी आली की, तेथील हंगामी एच१एन१ फ्लूच्या बहुसंख्य नमुन्यांवर ओसेल्टामिव्हिर, म्हणजे आपण ज्याला टॅमीफ्लू म्हणतो ते, चालत नाही. नॉर्वेत हे औषध फारसे कोणी घेतच नव्हते. जेथे त्याचा वापर जगात सर्वाधिक होता, त्या जपानमध्ये त्या हंगामात असे नमुने मोजकेच होते. म्हणजे औषधाच्या दबावाशिवाय औषधरोधी विषाणू साध्या विषाणूला मागे टाकत होता. पुढच्या हंगामापर्यंत जगातील जवळजवळ सगळा हंगामी एच१एन१ तसा झाला. दोष न्युरामिनिडेज या प्रथिनातील २७५व्या जागेवरच्या एका बदलाचा होता, आणि तो बदल विषाणूला लंगडा करतो असे त्याआधीचे सगळे प्रयोग सांगत होते. २०१० साली जेसी ब्लूम, डेव्हिड बाल्टिमोर आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला की, त्याच प्रथिनात आधीच झालेल्या दुसऱ्या लहान बदलांनी ती लंगड भरून काढली होती. किंमत होती, पण ती आगाऊ चुकती झालेली होती. त्या लेखाची प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे.

ज्यांचा या विषयाशी दवाखान्यातून, शेतातून किंवा प्रयोगशाळेतून संबंध आला आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

काळी जमीन

ताई, लेख दोनदा वाचला. मी कपाशी आणि केळी करणारा माणूस आहे, त्यामुळे मला वाचताना सारखी गुलाबी बोंडअळी आठवत होती. २००२ साली बीटी आली तेव्हा फवारणीचा पंप दोन वर्षे कोनाड्यात पडून होता. २००६ला दोन जनुकांची आली. पुढे २०१७ला बोंडे फोडून पाहिली तर आत अळी मजेत बसलेली. दोन जनुके असूनही असे कसे झाले, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही. तुमच्या विषाणूंचाही हिशेब असाच असतो का?

तापीकाठ

भाऊ, तुमचा प्रश्न माझ्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. दोन विषे एकत्र वापरण्यामागचा विचार असा असतो की, एकातून सुटणारी अळी दुसऱ्यात सापडेल आणि दोन्हींतून एकाच वेळी सुटणारी अळी जवळजवळ जन्मालाच येणार नाही. पण त्यासाठी दोन्ही विषे पहिल्या दिवसापासून एकत्र यावी लागतात. आपल्याकडे पहिले जनुक आधी काही वर्षे एकटे चालले, आणि गुलाबी बोंडअळी त्याला दाद देत नसल्याचे गुजरातेत २०१०च्या सुमारास उघड झाले. ज्या अळीने पहिला अडसर ओलांडलेला आहे तिच्यासाठी दोन जनुकांची कपाशी ही प्रत्यक्षात एकाच जनुकाची कपाशी होते.

एचआयव्हीच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने नेमकी हीच चूक आधी केली होती. झिडोव्हुडीन हे पहिले औषध १९८७ साली मंजूर झाले आणि १९८९ साली ब्रेंडन लार्डर, डग्लस रिचमन प्रभृतींनी त्याला न जुमानणारे विषाणू रुग्णांच्या रक्तातून वेगळे केले. त्यानंतर काही वर्षे जुन्या औषधात एक नवे मिळवायचे, ते निकामी झाले की आणखी एक मिळवायचे, असे चालले. प्रत्येक नवे औषध प्रत्यक्षात एकटेच लढत होते. हरत असलेल्या उपचारात एकच नवे औषध कधीही मिळवू नये, हा नियम त्यातून शिकावा लागला.

एका जागी मात्र तुमची बोंडअळी आणि माझा विषाणू यांची फारकत होते. पाकिटाबरोबर बिगर-बीटीचे जे १२० ग्रॅम बियाणे मिळायचे, ते बांधाकडेने लावण्यामागे हेतू असा होता की, तेथे वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळावेत आणि त्यांची पिल्ले पुन्हा बीटीला बळी पडावीत. विषाणूंत असा संसार नसतो. एचआयव्हीचे औषध थांबवले की साधा विषाणू पुन्हा माजतो आणि औषधरोधी विषाणू मागे पडल्यासारखा दिसतो, पण त्याची प्रत पेशीच्या डीएनएत जपलेली असते आणि तेच औषध पुन्हा सुरू करताच ती वर येते.

काळी जमीन

ते १२० ग्रॅमचे पाकीट आमच्या गावात किती जणांनी लावले, हे मला माहीत आहे. लिहीत नाही.

बोरीकाठचे मास्तर

लेखनाबद्दल अभिनंदन. शब्दांविषयी एक शंका आहे. वर्तमानपत्रांत 'विषाणूची प्रतिकारशक्ती वाढली' असे छापतात आणि मग वाचकाला वाटते की त्याच्या शरीराचीच प्रतिकारशक्ती औषधाला विरोध करू लागली. आमच्या अमळनेरात एका गृहस्थांनी याच समजुतीने औषध अर्ध्यावर सोडले होते. 'माझ्या अंगाला गोळीची सवय झाली' असे ते म्हणत. आपण कोणता शब्द वापरता?

तापीकाठ

मास्तर, आपले निरीक्षण अचूक आहे. प्रबंधात 'औषधरोध' लिहिते आणि बोलताना 'दाद देत नाही' म्हणते. सवय अंगाला होत नाही. बदलतो तो विषाणू, आणि म्हणूनच अशा रुग्णाकडून ज्याला लागण होते, त्याने ती गोळी कधी पाहिलेलीही नसली तरी त्याच्यावर ती चालत नाही. ही गोष्ट 'सवय' या शब्दात मावत नाही.

पांझरा

मी धुळ्यात जनरल प्रॅक्टिस करून आता निवृत्त झालो आहे. नागिणीच्या रुग्णांना ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस, असे शेकडो वेळा लिहून दिले. अडचण औषधरोधाची कधी आली नाही. अडचण अशी की, नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो या समजुतीने लोक आधी उतारा आणि लेप करून येत, आणि पुरळ उठल्यानंतरचे पहिले ७२ तास, ज्यात गोळीचा खरा उपयोग, ते निघून गेलेले असत. दुसरे असे की, २०२१च्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी नातलगांनी दागिने विकल्याचे मी पाहिले आहे. त्या औषधाविषयी तुमच्यासारख्यांचे त्या वेळी काय मत होते, आणि कोरोनाने त्यालाही चुकवले का, हे जाणून घ्यायला आवडेल.

तापीकाठ

डॉक्टरसाहेब, नागिणीत औषधरोध न दिसण्याचे कारण असे की, आपल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती शाबूत होती. औषध विषाणूला थोपवते आणि उरलेसुरले शरीर निपटते, त्यामुळे एखादी सोयीची चूक झालेला विषाणू असला तरी त्याला पसरायला वेळच मिळत नाही.

रेमडेसिव्हिरविषयी त्या वेळी आमच्यात एकमत नव्हते, हे मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीच्या अंतरिम निष्कर्षांत मृत्यू घटल्याचे दिसले नव्हते आणि नोव्हेंबर २०२०मध्ये संघटनेने ते न वापरण्याची शिफारस केली होती. नंतरच्या अंतिम निष्कर्षांत व्हेंटिलेटरवर नसलेल्या दाखल रुग्णांना थोडासा फायदा दिसला. लक्षणे सुरू झाल्यावर लवकर, दाखल होण्याआधीच दिल्यास फायदा बराच मोठा असतो, हेही पुढे कळले. रांगेत उभ्या राहिलेल्या बहुतेकांच्या रुग्णाची ती वेळ उलटलेली होती; त्या टप्प्यावर त्रास विषाणूपेक्षा शरीरातल्या दाहाचा अधिक असतो. एप्रिलमध्ये आमच्याच घरून फोन आला होता, 'कुपी कोठे मिळेल' म्हणून, आणि मला नकार देणे जमले नव्हते. तेव्हा मी शहाणपणाचा आव आणत नाही.

कोरोनाची गोष्ट वेगळी आहे. सुमारे ३०,००० अक्षरांचा त्याचा आरएनए उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करणारे स्वतःचे विकर त्याच्याकडे असते. २०१८ साली, म्हणजे साथीच्याही आधी, अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील मार्क डेनिसन यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या कामात उंदरांच्या कोरोना विषाणूला रेमडेसिव्हिरमध्ये वारंवार वाढवून औषधरोधी केले गेले होते, आणि औषध नसताना तो विषाणू मूळ विषाणूपुढे मागे पडला. म्हणजे येथे किंमत मोजावी लागली. साथीत रेमडेसिव्हिर कमी पडले ते मुख्यतः उशिरा दिल्यामुळे. औषधरोध हे त्याचे मोठे कारण नव्हते.

मोलगी रस्ता

मी नंदुरबार जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी समुपदेशनाचे काम करते. दिवाळीनंतर आमच्या डोंगराळ भागातील कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत निघतात. गोळ्या किती महिन्यांच्या दिल्या आणि माणूस परत कधी येईल, यांचा मेळ बसत नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई मुलाला घेऊन परत आली ती दोन महिने गोळ्यांविना राहून. जेथे होती तेथील केंद्राने कागद नाही म्हणून तिला परत पाठवले होते. तिला मी रागावले, याचे मला आजही वाईट वाटते. 'एक दिवस चुकले तर काय होते' असे लोक विचारतात, तेव्हा मला 'विषाणू वाढतो' याच्या पुढे सांगता येत नाही. नेमके काय होते, ते समजावून द्याल का?

तापीकाठ

ताई, आधी हिशेब मांडते, कारण या विषयातील सगळे शहाणपण त्या हिशेबात आहे. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात एचआयव्हीच्या रोज साधारण एक हजार कोटी नव्या प्रती तयार होतात. त्याच्या जनुकसंहितेत सुमारे ९,७०० अक्षरे असतात आणि उतरवताना सरासरी तीन प्रतींमागे एक चूक होते. त्यामुळे अमुक एका जागी अमुकच चूक असलेली प्रत ढोबळमानाने दर लाखांत एक निघते. एका औषधातून सुटायला अशी एक चूक पुरे असेल, तर सुटलेला विषाणू पहिली गोळी घेण्याच्या आधीपासूनच शरीरात हजर असतो. दोन ठरावीक चुका एकाच प्रतीत येण्याची शक्यता हजार कोटींत एक, म्हणजे रोजच्या उत्पादनाच्या अगदी काठावर. तिसरे औषध आले की आकडा एकावर पंधरा शून्ये इतका होतो आणि विषाणूचा खजिना अपुरा पडतो. १९९६पासून तीन औषधे एकत्र देण्याला यश आले ते यामुळे. आपल्याकडे १ एप्रिल २००४पासून सरकारने मोफत सुरू केलेला उपचारही तीन औषधांचाच होता.

हा हिशेब तिन्ही औषधे एकाच वेळी रक्तात असतील तरच लागू पडतो. गोळी एकच दिसत असली तरी तिच्या पोटातील तीन औषधे शरीरातून एकाच वेगाने बाहेर पडत नाहीत. पूर्वीच्या मिश्रणातील नेव्हिरापीन रक्तात बरेच दिवस रेंगाळत असे. गोळ्या संपल्या की बाकीची दोन लवकर ओसरत आणि नेव्हिरापीन एकटे मागे राही; आणि त्याला चुकवायला विषाणूच्या प्रती काढणाऱ्या विकरातील १०३व्या जागेवरचा एकच बदल पुरेसा असे. वर त्या बदलाची विषाणूला किंमतही फारशी पडत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. तुमच्या त्या बाईने निष्काळजीपणा केला नव्हता. गोळ्या संपल्यानंतरचे ते आठ-दहा दिवस सगळ्यांत वाईट होते, आणि ते तिच्या हातात नव्हते.

याच्या उलट लॅमिव्हुडीनचे. त्याला चुकवण्यासाठी विषाणू १८४व्या जागी जो बदल करतो, त्याने तो स्वतः अशक्त होतो आणि झिडोव्हुडीन व टेनोफोव्हिर यांना अधिक बळी पडतो. म्हणून लॅमिव्हुडीन 'निकामी' झाल्याचा अहवाल आल्यावरही डॉक्टर ते बहुधा चालू ठेवतात. रुग्णाला हे विचित्र वाटते; 'चालत नाही म्हणता आणि देता कशाला' असे विचारतात. विषाणूला त्या महागड्या चुकीतच अडकवून ठेवायचे, हे त्याचे उत्तर आहे. माझ्या प्रबंधातील लंगड्या विषाणूचे वाक्य येथे मात्र खरे ठरते, याचा मला थोडा आनंद होतो.

सध्याच्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर या मिश्रणात डोल्युटेग्राव्हिरला चुकवणे विषाणूला फार जड जाते, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याने पूर्वीइतके बिघडत नाही. पण महिनाभराचा खंड पडला की विषाणू भरमसाट वाढतोच. शिवाय ज्यांना कावीळ ब (हिपॅटायटिस बी) चा संसर्गही आहे, त्यांची टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडीन अचानक थांबली तर यकृताला सूज येऊ शकते. गोळ्या परत येईपर्यंत पुरतील का आणि कावीळ ब ची तपासणी झाली आहे का, हे दोन प्रश्न तरी स्थलांतरापूर्वी नोंदवहीत पाहून घ्यावेत.

सूक्ष्मदर्शक

मी जळगावला एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम, आमच्या पाठ्यपुस्तकात कावीळ क पूर्ण बरी होते आणि एचआयव्ही होत नाही, एवढेच दिले आहे. दोन्ही आरएनए विषाणू, दोन्ही चुका करणारे, मग असा फरक का? आणि या क्षेत्रात यायचे असेल तर रोजचे काम प्रत्यक्षात कसे असते?

तापीकाठ

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वर येऊन गेले आहे. एचआयव्ही स्वतःची प्रत आपल्या डीएनएत शिवून ठेवतो. कावीळ क चा विषाणू असे काही मागे ठेवत नाही, त्यामुळे त्याचे उत्पादन पुरेसे दिवस बंद ठेवले की तो संपतो. उरलेले अर्धे उत्तर सोफोसबुव्हिर. २०१३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेले हे औषध विषाणूच्या प्रती काढणाऱ्या विकराच्या नेमक्या अशा जागी बसते की, ती जागा बदलली तर विकरच रखडते. २८२व्या जागेवरचा तो बदल प्रयोगशाळेत मिळतो, रुग्णांत क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी औषध थांबताच मागे पडतो. विषाणूला ती किंमत परवडत नाही. सोबत दुसरे एखादे औषध जोडून बहुतेकांना १२ आठवडे पुरतात, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते आपल्याकडे मोफत मिळते. औषध कोठे बसवायचे, हे आता त्या जागेच्या किमतीवरून ठरवू पाहतात. मी वीस वर्षे जे मोजत आले, त्याचा कोणाला उपयोग होतो तो येथे.

रोजचे काम म्हणशील, तर पेशींना वेळेवर नवे खाद्य देणे, मग त्या रविवारी असोत वा पोळ्याला. तबकड्यांवरची भोके मोजणे. आणि नोंदवही लिहिणे. औषधरोध दिसला असे वाटले की पहिला संशय विषाणूवर घ्यायचा नाही. औषधाची कुपी किती वेळा वितळवून गोठवली, द्रावण कोणी केले, बाटलीवरची तारीख कोणाच्या अक्षरात आहे, हे आधी पाहायचे. माझ्या हाताखालील एकाने चार महिने 'औषधरोधी' फ्लू जोपासला होता. औषधच मेलेले होते. शीतकपाटाची घंटा सुट्टीत कोणाच्या मोबाइलवर वाजते, हे मुलाखतीच्या वेळी तूच विचारून घे.

काळी जमीन

जाता जाता एक. केळीवर हरण्या आला की दुकानदार अमुक फवारा, तमुक फवारा म्हणून बाटल्या देतो. तुमच्या या औषधांपैकी केळीला काही लागू पडते का?

तापीकाठ

नाही भाऊ. हरण्या म्हणजे काकडीवरच्या मोझॅक विषाणूचा रोग, आणि लागण झालेले झाड बरे करणारे कोणतेही औषध शेतात उपलब्ध नाही. बाटली कोणत्याही रंगाची असो. झाड कंदासकट उपटून नष्ट करावे, बांधावर टाकू नये, मावा ही कीड आटोक्यात ठेवावी, बागेत आणि बागेशेजारी काकडीवर्गीय भाज्या व वांगी लावू नयेत आणि विषाणूमुक्त असल्याची खात्री केलेली उतिसंवर्धित रोपेच घ्यावीत.

मोलगी रस्ता

ताई, तुमचे उत्तर छापून केंद्रातील सहकाऱ्यांना वाचायला दिले. नोंदवही उघडून पाहिली, तर दिवाळीनंतर जाणाऱ्यांपैकी सात जणांची कावीळ ब ची तपासणी नोंदलेलीच नाही. त्यांना या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बोलावले आहे. ती बाई आता आमच्याकडेच नियमित येते. मुलगा नववीत आहे. तिला त्या आठ-दहा दिवसांविषयी सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मंग तवा तुमी मले काब्र बोलल्या व्हत्या?"

तापीकाठ

तिला माझा नमस्कार सांगा. तिच्या विषाणूच्या औषधरोधाची तपासणी कधी झाली असेल, तर १०३व्या जागेवर काय लिहिले आहे तेवढे मला कळवा; नाव नको.

मोलगी रस्ता

तपासणी झालेली नाही. व्हायरल लोडचा मागचा अहवाल आहे, त्यात विषाणू सापडला नाही असे लिहिले आहे.

तापीकाठ

मग १०३व्या जागेचे राहू द्या. आता त्याची गरज नाही.